बाबलकाकांच्या गाठी

बाबलकाका शिवी दिल्याशिवाय जाळं हातात घेत नसत. मामलेदारालाही ते अरेतुरे करत. महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या वर्षी मी देवबागच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो, तेव्हा माझा दंड धरून त्यांनी विचारलं, "पाढे येतत? मगे बस हंय."

समुद्रात वाहून गेलेलं जाळं कुणाचं, यावरून गावात दरसाल डोकी फुटत. म्हणून काका प्रत्येक जाळ्यावर मालकीच्या गाठी मारून देत. बघणाऱ्याला त्या कशाही मारलेल्या वाटत: जाळ्याची तीन घरं सोडून एक गाठ, मग आठ सोडून, मग एक. पण मालकाचं नाव, होडीचं नाव आणि त्याचं ते कितवं जाळं, यांचे आकडे मांडून, त्यांत स्वतःच्या मनातला एक आकडा मिसळून ते हिशेब करत. दोन जाळ्यांच्या गाठी सारख्या निघत नसत, आणि दहा वर्षांनी विचारलं तरी त्याच जाळ्याला त्याच गाठी. मनातला आकडा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

एका वादळानंतर विधवा राधाक्काचं एकमेव जाळं रघू तांडेलाच्या होडीत सापडलं. तिचं पोट त्यावर होतं. कुणाच्या जाळ्यावर कुठल्या गाठी, हे काका एका नोंदवहीत लिहून ठेवत; ती रघूने आधीच पळवून चुलीत घातली होती. वही गेली की पुरावा गेला, असं त्याला वाटलं. वाळूवर कोयते निघाले. काका मध्ये घुसले आणि त्यांनी रघूच्या थोबाडीत ठेवून दिली.

"तुझ्या आवशीचो घो! वही जाळलंस, माझ्या टकल्यात आसा तां खंय जाळशीत?"

जाळ्याकडे पाठ करून त्यांनी एका दोरीवर गाठी मारल्या. मी ती दोरी जाळ्याला लावली. गाठीला गाठ भिडली.

राधाक्काने जाळं उचललं आणि रघूने वल्ह्याने काकांचा उजवा हात फोडला. "आकडो सांग!" म्हणत तो मारतच राहिला. आकडा मिळता तर चोरीच्या कुठल्याही जाळ्यावर त्याला स्वतःची खूण उठवता आली असती.

"सांगूचंय नाय," काका रक्त थुंकत म्हणाले. लोकांनी रघूला ओढून काढलं, पण काकांची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. पुढे गाठी मी मारायचो, किती घरं सोडायची ते काका सांगायचे; मनातला आकडा मात्र मलाही नाही.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्याकडे आकडा मागितला. विनवलं, भांडलोसुद्धा.

"माका मारल्यानी, तां मी सोसलंय," ते म्हणाले. "तुका मारतीत, तेवा आकडो तुका ठावकच नसांदे."

चार दिवसांनी ते गेले. पुढच्याच वादळानंतर एका जाळ्यावरून वाळूवर दोघांची डोकी फुटली; गाठी कुणाच्या, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. त्यांच्या जखमा बांधताना मी काकांवर चिडलो होतो, आणि रडत होतो.