मामांची कुजबूज

१९८८ च्या डिसेंबरात, एका गुरुवारी दुपारी, पारोळ्याच्या अलीकडच्या एका गावात मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू असताना माझ्या बायकोचे मामा माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले. ती कुजबूज ओसरीवरच्या सगळ्या पाहुण्यांनी ऐकली, आतल्या बायकांनी ऐकली आणि गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला. गुपित राखायला इतका नालायक माणूस जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत झाला नाही. हे विधान मी जबाबदारीनं करतो. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात वार्ताहर होतो आणि दिवसभर पुढाऱ्यांना ऐकत असे.

मामा धुळ्याच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायचे. त्यांचा वर्ग जिनिंगच्या भिंतीला लागून होता. कापसाचा हंगाम आला की यंत्रं सुरू व्हायची आणि मामा त्या यंत्रांवरून आवाज चढवून कुटुंबसंस्था शिकवायचे. अशी वीस-बावीस वर्षं गेल्यावर त्यांच्या गळ्यात एकच पट्टी उरली होती. हळू बोलायचं म्हणजे तोंडाला हात लावायचा, एवढाच त्यांचा समज होता. आवाजात फरक पडत नसे. एकदा धुळ्याहून जळगावला येताना एसटीत त्यांनी मला, तोंडाला हात लावून, एका विधवा बाईच्या शेताच्या भाऊबंदकीची हकीकत सांगितली. मुकटीपर्यंत बसमध्ये दोन तट पडले होते. एरंडोलला उतरताना एक आजोबा मामांना म्हणाले, "त्या बाईले सांगा, मोजणी मागाडी ले. भिऊ नको म्हना." कंडक्टरचंही तेच मत पडलं.

सर्वेक्षण हा मामांचा पेशा होता आणि व्यसनही. खेड्यातलं दारिद्र्य, अपंग माणसं, गावाच्या कारभारात कोणाला बसवतात आणि कोणाला नाही, हे त्यांचे विषय. सुट्टी लागली की पिशवीत छापील अर्ज भरून ते लुनावर निघत. उताराला लुना त्यांना नेई आणि चढाला ते लुनाला नेत. पण त्यांचा हा विषय अर्ज भरून संपत नसे. माझ्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी त्यांनी माझ्या वडिलांना कोरडवाहू किती आणि बागायत किती हे विचारलं. वडिलांना वाटलं, मुलीकडचे आता चौकशी करताहेत, म्हणून त्यांनी एक विहीर वाढवून सांगितली. हर्नियाच्या ऑपरेशनला गेले तेव्हा मामांनी शेजारच्या सगळ्या खाटांचं सर्वेक्षण करून टाकलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांचा शेवटचा प्रश्न होता, "तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

हा त्यांचा लाडका प्रश्न होता. गरीब आहात का, असं विचारलं की श्रीमंत हो म्हणतो आणि गरीब नाही म्हणतो, असा त्यांचा अनुभव. शेवटी कोण जेवतं हे विचारलं की घर कळतं. याच्या जोडीला त्यांचा एक नियम होता: ज्या घरी अर्ज भरायचा त्या घरचा चहा नाकारायचा नाही. माणसानं आपल्याला चहा दिला नाही तर खरं तरी का सांगावं, असं ते म्हणत. या नियमापायी ते दिवसाला इतका चहा पीत की संध्याकाळी त्यांचे हात थरथरत आणि अर्जावरचं अक्षर भूकंपमापक यंत्रानं काढल्यासारखं दिसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर जिल्ह्यात अपंगांना तीनचाकी सायकली देण्याचं एक शिबिर ठरलं होतं. गावोगावची नावं डिसेंबरअखेर पाठवायची होती. मामांनी चार गावं स्वतःहून मागून घेतली. त्यांतलं हे एक. पहिल्या दिवशी त्यांनी घरोघर विचारलं, घरी कोणी हातापायानं अधू, कोणी आंधळं, बहिरं? प्रत्येक घरातून उत्तर आलं, आमच्या गावात असं कोणी नाही. मामांनी ते लिहून घेतलं आणि चहा प्यायले. चहा कपबशीतून आला. पांढरा कप, त्यावर निळा मोर, बशीच्या काठाला एक टवका उडालेला.

दुसऱ्या घरीही निळा मोर आला. मामांना वाटलं, गावात फेरीवाल्यानं सेट विकले असतील. तिसऱ्या घरी टवकाही आला. चौथं घर गावकुसाच्या कडेचं होतं, तिथं चुलीवर दुसरं भांडं नव्हतं. दूध आणायला माणूस गेलाय म्हणून मामांना बसवून ठेवलं आणि मग तोच कप आला, नुकता विसळलेला, ओला. आपल्याआधी कप घरोघर पोचतो आहे आणि पाहुण्यासमोर कुठल्याच घराची लाज जाऊ नये याची सगळं गाव काळजी घेतं आहे, हे मामांच्या ध्यानात आलं. अशा गावात दारिद्र्य मोजायचं कसं, हा प्रश्न दुसऱ्याला पडला असता. मामांना पडला तो वेगळाच. हा कप मूळ कोणाचा?

त्यांनी विचारून पाहिलं. प्रत्येक घर म्हणालं, आमचाच. मग मामा मारुतीच्या पारावर बसून गल्लीवर नजर ठेवू लागले. सहा फूट उंचीचा, जाड चष्म्याचा, पँटला सायकलची क्लिप लावलेला माणूस पारावर लपून बसला आहे हे सगळ्या गावानं पाहिलं आणि सौजन्य म्हणून न पाहिल्यासारखं केलं. शेवटी एक बाई पदराखाली काहीतरी झाकून परसातून निघाली. मामा तिच्या मागे गेले. बाई काट्यांच्या कुंपणातल्या फटीतून सफाईनं पलीकडे गेली. मामा निम्मे गेले. निम्मे बाभळीच्या काट्यांत अडकले.

पलीकडे ओट्यावर एक तिशीतली बाई गोणपाटावर बसली होती. तिच्यापुढे राखेचं टोपलं आणि पाण्याची बादली. तिनं कुंपणातल्या मामांकडे शांतपणे बघितलं.

"तुम्हीच का ते मास्तर?" ती म्हणाली. "किती च्या पितस तुम्ही? सकायपासून कप घशी ऱ्हायनू. तुम्हना पायी मोरना रंग जाई."

ही कमल. त्या घरच्या झिपरूआबांची थोरली मुलगी. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. ती गोधड्या शिवायची. गावातल्या मास्तरांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं गोधडीच्या बदल्यात तिला ही कपबशी दिली होती. गावात तेवढी एकच होती. कोणाकडे पाहुणा आला की कप मागायला माणूस कमलकडे येई, आणि कप परत आला की ती तो राखेनं घासून ठेवी. गावातली प्रत्येक सोयरीक त्या कपानं पाहिली होती. कमलनं एकही पाहिली नव्हती.

मामांनी कुंपणातूनच अर्ज काढला. तेवढ्यात झिपरूआबा आले. त्यांनी आधी मामांना सोडवलं आणि मग हात जोडले. धाकटी रत्ना लग्नाची होती. धुळ्याकडचं एक स्थळ पुढच्या आठवड्यात बघायला येणार होतं. घरात एक मुलगी अशी आहे हे कळून आधीची दोन स्थळं मोडली होती. त्यामुळे या वेळी गल्लीनं ठरवलं होतं की विचारायला कोणीही येवो, गावात अधू कोणी नाही. "लगीन व्हई जाऊ द्या," आबा म्हणाले. "मंग काय लिखनं ते लिखा."

लग्न जमलं तरी ते वैशाखात होणार आणि नावं डिसेंबरअखेर जाणार, हे मामांनी त्यांना सांगितलं. आबांनी कमलकडे पाहिलं. कमल बोलली. "माले सायकल पाहिजे," ती म्हणाली. "पन रत्नानं लगीन पह्यले."

मामांनी वचन दिलं. आयुष्यात प्रथमच त्यांच्यावर गुपित राखायची पाळी आली आणि त्यांची प्रकृती ढासळली. ते जेवताना बोलेनात. मामींनी डॉक्टरला बोलावलं. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून मामांनी मामींना स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, तोंडाला हात धरला आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी देवपुरातल्या त्यांच्या आळीतल्या बायका मामींना भाजीच्या गाडीवर विचारत होत्या, "काय हो, त्या कमलच्या बहिणीचं जमलं का?" नशीब एवढंच की आळीतल्या कोणाचं त्या गावाशी नातं नव्हतं.

बघण्याच्या दिवशी आबांनी मामांना मुद्दाम बोलावलं. घरी एक प्रोफेसर बसलेला असला की वजन पडतं, असा हिशेब. लुनाची चेन तुटली होती, म्हणून मी माझ्या राजदूतवर त्यांना नेलं. वाटेत मी त्यांना दोनदा बजावलं की आज मान डोलावण्यापलीकडे काही करायचं नाही. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

पाहुणे जीपनं आले. मुलगा, त्याची आई, एक काका, आणि वडील पुंडलिकनाना. जाड मिशांचे, कमी बोलणारे, जिनिंगमध्ये कापसाची प्रत पारखणारे. रत्ना येऊन गेली. पोहे झाले. चहा आला. सगळ्यांना स्टीलचे पेले, नानांना निळा मोर. मामांनी कपाकडे बघितलं आणि नजर आढ्याकडे नेली. तिथवर सगळं ठीक होतं.

नानांनी कप हातात फिरवून पाहिला. पारखी माणूस. कप चांगला आहे, कुठून घेतला, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, धुळ्याच्या बाजारातून, मागच्या दिवाळीला.

मामांसमोर कोणी शिवी दिली तरी ते सोसत. चुकीची माहिती त्यांना सोसत नसे. मी त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी तोंडाला हात लावला, माझ्याकडे वाकले आणि कुजबुजले, "साफ खोटं. कप कमलचा आहे."

नाना म्हणाले, "कमल कोन?"

आबांनी जमिनीकडे पाहिलं. मामांचा हात तोंडावर तसाच राहिला. आतल्या दाराआडून आवाज आला.

"मी. रत्नानी मोठी बहीन. पाय नहीत माले. आनि कप नीट धरा नाना, बशीना टवका उडेल शे."

नानांनी कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. मुलाची आई पदर सारखा करू लागली. मुलगा आढ्यात मघाशी मामा काय बघत होते ते शोधू लागला. मग नाना, कापसाची प्रत सांगावी तशा आवाजात, म्हणाले, "आमना घर बी एक शे. मनी बहीन. तिले ऐकू येस नही. आज तिले वाडामा बसाडीसन उनूत."

बहिणीला मागे वाड्यात बसवून ही मंडळी मुलगी बघायला आली होती. तेवढ्यात पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मामांनी अर्ज मांडीवर घेतला होता.

"पूर्ण नाव सांगा," मामा म्हणाले. "वय?"

आधी आबा हसले. मग काका. नाना हसले नाहीत, पण त्यांनी नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि घरात शेवटी कोण जेवतं या प्रश्नाला "तीच" असं उत्तर दिलं. मग होकार नकार काहीच न सांगता पाहुणे जीपमध्ये बसले. कळवतो, म्हणाले. मुलीकडच्यांना या शब्दाचा अर्थ माहीत असतो. जीप दिसेनाशी झाल्यावर आबांनी मामांना सांगितलं, "आते लिखी टाका. आते काय झाकनं ऱ्हायनं?" मामांनी कमलचं नाव लिहिलं. समोरचा चहा न पिता अर्ज भरल्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

त्यानंतर मामांनी चहा सोडला. आपल्यामुळे एक सोयरीक मोडली, हे ते येईल त्याला सांगत. धुळ्याच्या रस्त्यावर दुधवाल्यालाही ते माहीत होतं. नावं पाठवायची मुदत संपली, नवं वर्ष लागलं, संक्रांत झाली, तरी निरोप नाही. मामींनी मला पत्र टाकलं की हे चहाशिवाय फार वाईट वागतात, काहीतरी करा. मला करण्यासारखं काही नव्हतं. जानेवारीच्या शेवटी काका एकटेच एसटीनं आबांकडे आले. स्थळ पसंत होतं. नानांची एक अट होती. लग्नाला बहिणीला आणायचं ठरलं आहे, ती गर्दीत बावरते, तर कमलनं तिच्याजवळ बसावं. निरोप धुळ्याला पोचला तेव्हा मामा वर्गात होते. त्यांनी वर्गातूनच मामींना ही बातमी दिली असं मामी सांगत. घर वर्गापासून तीन गल्ल्या होतं, पण मला त्यात अशक्य काही दिसत नाही.

लग्न वैशाखात झालं. कमल मांडवात नव्या सायकलवरून आली. नानांची बहीण तिच्या शेजारी बसली आणि दोघी अखंड खाणाखुणा करून हसत होत्या. कोणाला, ते कळलं नाही. मामांनी लाउडस्पीकर नाकारून आशीर्वादाचं भाषण केलं. त्या बहिणीनं नंतर खुणेनं सांगितलं की एवढ्या मांडवात मला या एकाच माणसाचं थोडं ऐकू आलं. कमलनं ते मामांना सांगितलं. मामांनी ही माहिती खरी धरून नोंदवून घेतली.

मामा १९९० च्या ऑक्टोबरमध्ये गेले. शेवटचे काही दिवस घशाच्या दुखण्यानं त्यांचा आवाज बसला होता. काही सांगायचं असलं की ते तोंडाला हात लावत आणि आम्ही कान जवळ नेत असू. काही ऐकू येत नसे.

१९९१ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बातमीसाठी मी त्या रस्त्यानं गेलो आणि गावात वळलो. कमल दारात सायकलवर बसून गोधडी शिवत होती. तिनं रत्नाला मुलगा झाल्याचं सांगितलं. मी कपाचं विचारलं. कप शेजारी गेला होता. तिकडे जनगणनेचा माणूस आला होता. त्याआधी तो माणूस कमलकडे येऊन गेला होता. तिच्या पायांचं त्यानं काय लिहून घेतलं, असं मी विचारलं. त्याच्या कागदात तो प्रश्नच नव्हता, असं तिनं सांगितलं.

"त्यानी इचारं नही," ती म्हणाली. "मी सांगी दिनं."

मला चहा स्टीलच्या पेल्यातून मिळाला.