रथवाल्या काकू

रथवाल्या काकूंचा आवाज मयताच्या घरातही खाली यायचा नाही. लोक कुजबुजत असायचे, बायका तोंडाला पदर लावून हुंदके देत असायच्या, आणि काकू दारातून गरजायच्या, "हळू! माणूस आहे तो, पोतं नाही!" कुणी दचकायचं, कुणी चिडायचं, पण ऐकायचे सगळे. काचीगुड्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं शववाहन त्या चालवायच्या. त्या गाडीला सगळे रथ म्हणत, म्हणून त्या रथवाल्या काकू. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

रथ म्हणजे लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातून घेतलेला, लांब नाकाचा जुना पेट्रोल ट्रक. काकूंचे यजमान गेले ते ऐन मे महिन्यात. सकाळी बोलावलेला हा रथ उन्हं कलल्यावर आला, आणि ड्रायव्हर पिऊन आला. "दुःख नंतर झालं," काकू सांगायच्या. "आधी संताप आला. तोच कामी आला." त्या संतापात त्या ड्रायव्हिंग शिकल्या, मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि मंडळासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मंडळाने होकार दिला, कारण त्या सीटवर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पुढे लोक म्हणायचे, काकूंना मंडळाने मान दिला. काकू उसळायच्या. "मान कसला? कुणाला नको होतं ते मला दिलं!"

रोज सकाळी त्या रथ सुरू करून बघायच्या. पावसाळ्यात इंजिनातले ठिणगी पाडणारे पॉइंट ओले व्हायचे, मग त्या ते काढून घासत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलायच्या. मी समोरच्याच घरात राहायची. कोठीच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात नोकरीला निघाले की मलाही ऐकावं लागायचं. "तुमच्या त्या मालकाला सांग, माझ्या नंबरचा चष्मा अजून तयार नाही. तोवर दोन माणसं वर गेली!"

त्या सुमाराला काचीगुड्यात नवा पैसा दिसू लागला होता. गल्लीच्या तोंडाशी एस.टी.डी. बूथ आला, घराघरात केबल आली. मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलाने कॉम्प्युटरचे क्लास काढले आणि ते तुफान चालले. तो एकदा काकूंना म्हणाला, "नवा जमाना आलाय काकू, किती दिवस पॉइंट घासणार?" त्याने स्वखर्चाने रथाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून दिलं. पॉइंट गेले, त्या जागी एक बंद डबा आला. आणि रथाच्या दोन्ही अंगांना लाल अक्षरांत त्याच्या क्लासचं नाव आलं. ते वाचून काकू लालबुंद झाल्या. "मेलेल्याच्या उशाशी जाहिरात करतोस?" तो हसला. सगळेच हसले. मला ते हसणं अजून आठवतं आणि अजून चीड येते.

रस्त्यावर रथ पूर्वीपेक्षा छान पळायचा, हे काकूंनीही मान्य केलं. पण सुरू होताना तो नखरे करू लागला. सेल्फ फिरायचा, फिरायचा, आणि इंजिन ढिम्म. कधी चावी सोडताना एखादा ठसका देऊन लागायचं, कधी नाही. काकूंनी तीनदा अध्यक्षांच्या कानावर घातलं. "नवीन आहे, सवय होईल," एवढंच उत्तर मिळालं.

मग तो दिवस आला. आमच्या मागच्या गल्लीतल्या जोशी मास्तरांना रथात ठेवलं होतं. काकूंनी चावी फिरवली. सेल्फ घरघरत राहिला, हळूहळू त्याचा दम गेला, शेवटी नुसती टकटक. बॅटरी उतरली. बायका रडायच्या थांबून बघू लागल्या. अखेर मास्तरांच्या मुलांनी, खांद्यावर पंचे घेतलेल्या त्या पोरांनी, बापासकट रथ ढकलला. दहा पावलांत इंजिन धडधडून लागलं. मागे कुणीतरी म्हणालं, "विधवा बाईचा हात लागलाय, कसं निघेल?" काकूंनी ते ऐकलं. मान वळवली नाही. रथ सरळ नेला.

दुसऱ्या दिवशी त्या मला बरोबर घेऊन गौलीगुड्याला गेल्या. डबा बसवणारा मेकॅनिक तिथे बस स्टँडच्या मागे होता. रथ बघून तो म्हणाला, "अम्मा, डब्बा एकदम नया है. गाडी बुड्ढी है, मैं क्या करूं?"

"गाडी बुड्ढी है तो धक्के से कैसे लगती?" काकू कडाडल्या. "दस कदम में लगी! चावी से कायकू नहीं लगती? बोल!"

पाना खाली ठेवून त्याने थोडा विचार केला. मग टेस्टर लावला आणि काकूंना चावी फिरवायला सांगितलं. सेल्फ फिरत असताना डब्यापर्यंत करंट पोचतच नव्हता. चावी सोडली की पोचायचा. म्हणून धक्का मारताना, चावी नुसती चालू असताना, इंजिन लगेच लागायचं. आणि सेल्फने फिरवताना ठिणगीच पडायची नाही. त्याने बॉनेटमध्ये वाकून सेल्फच्या स्विचपाशी हात घातला आणि काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं एक तुटकं टोक बाहेर ओढलं. सेल्फ फिरत असेपर्यंत इग्निशनला करंट देणारी जुनी वायर होती ती. डबा बसवताना बिनकामाची समजून त्यानेच कापली होती.

"मेरी गलती है, अम्मा," तो म्हणाला. ती वायर त्याने डब्याला जोडून दिली. काकूंनी चावी फिरवली, आणि पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं. मला वाटलं, आता तरी हसतील. त्या स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाल्या, "एवढ्याशा वायरीसाठी त्या पोरांना बाप ढकलायला लागला!"

मंडळाची बैठक झाली. काकूंनी वायरीचं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि म्हणाले, "ते झालं हो. पण आता प्रश्न लोकांच्या भावनांचा आहे." काकूंनी चावी द्यावी, असं ठरलं. ज्याने नाव रंगवलं त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. काकू उठल्या. "सोवळा ड्रायव्हर घेऊन या, चावी त्याच्या हातात देते," म्हणाल्या आणि निघून आल्या. ड्रायव्हर मिळाला नाही. रथ काकूच चालवत राहिल्या, आणि भावना असलेले लोक त्यांनाच बोलावत राहिले.

त्या हिवाळ्यात माझे बाबा गेले. मी एकुलती एक. चुलतभावांनी सगळं हातात घेतलं आणि मला सांगितलं, "तू आईजवळ थांब. बायका घाटावर येत नाहीत." मी उंबऱ्यात उभी राहिले. रथाचं दार लागलं. तेवढ्यात केबिनमधून हाक आली, "ए पोरी, इकडे ये!" काकूंनी शेजारचं दार आतून उघडलं होतं. एक चुलतभाऊ पुढे झाला, "काकू, हे बरं दिसत नाही."

"तुला दिसत नसेल तर डोळे मीट," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. एरवीसारखंच रागाने. "ह्यांना नेताना मला दारात थांबवलं होतं. मी थांबले. आजतागायत स्वतःला माफ केलेलं नाही. चढ वर."

मी चढले. बाबांना अग्नी मी दिला. काकू माझ्या मागे उभ्या होत्या, आणि कुणी काही म्हणतंय का, म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी म्हणालं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाने नवी बंद व्हॅन घेतली, पगारी ड्रायव्हरसकट. रथ भंगारात गेला. काकूंचे गुडघेही गेले होते. त्या पुतण्याकडे नांदेडला राहायला गेल्या. दिवाळीला मी बूथवरून फोन करायची. त्या फोनवरही भांडायच्या. गाव झोपाळू आहे, दूध पाणचट आहे, पुतण्या गाडी चुकीच्या गिअरमध्ये चालवतो.

एकदा फोन केला तर पुतण्याने सांगितलं, काकू जाऊन महिना झाला. मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. "अगदी शांतपणे गेल्या हो," तो म्हणाला.

मी विचारलं, "घाटावर बरोबर कोण कोण होतं?"

"होती ना, पुरुषमंडळी सगळी होती."

"आणि बायका?"

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

मी त्या काचेच्या खोक्यात उभी राहून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. बूथवाला धावत आला, दार उघडून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "क्या हुआ अक्का? घर में कोई गुजर गया क्या?"

"हौ," मी म्हणाले, आणि रिसीव्हर आपटला.