दुसऱ्या जीपचा एक्सल

चिंचोळीच्या रस्त्यावर आमचे एक मिस्त्री आहेत. जुन्या जीपचे मागचे एक्सल या मॉडेलचे काढून त्या मॉडेलला बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. टेप लावत नाहीत, बोटांनी मोजतात. बोलतात तेही माणसाशी नाही, चाकाशी.

"दोन बोटं रुंद हाय, पर बसतंय की," असं चाकाला सांगून त्यांनी माझ्या जीपला तिच्याहून जुन्या जीपचा एक्सल बसवला.

एक्सल अपघातातल्या गाडीचा असला, तर तो बसवलेली गाडी एकदा त्या अपघाताच्या जागी नेऊन आणायची, हा त्यांचा रिवाज. माझा एक्सल तसलाच होता. भर दुपारी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वळणावर त्यांनी मला थांबवलं. खाली उतरून मागचं दार उघडलं, टोपी काढली आणि रिकाम्या सीटला हळू आवाजात म्हणाले, "उतरा आता. आलं तुमचं ठिकाण."

वाकून सीटकडे कान दिला. मग दार लावलं आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाय म्हणत्यात, मालक. सावकाश चालवत जावा."

मी असलं काही मानत नाही. भाजीची पिशवी मात्र तेव्हापासून पुढच्याच सीटवर ठेवतो.