रॅम्पवरची मका

हे पत्र हातात घे वं, जवळ धरून वाच. लांबूनच मान डोलवू नकोस. तुझे पाय कामातून गेल्यापासून तू माझ्या घराचं तोंड पाहिलं नाहीस. धाकटी बहीण ना तू माझी? फोन केला की तुझं एकच रडगाणं, "मले उचलून कोण नेईन? कायले लोकायच्या जिवाले घोर?" गप बस. तुझ्या भाचीची ही गोष्ट मी तुझ्यासाठीच लिहून काढली आहे. मधेच ठेवू नकोस.

माझ्या लेकीचे पाय लहानपणीच्या तापात गेले, ते तुला नव्यानं काय सांगू. पण तिला ग्रामपंचायतीत कसं न्यायचे, ते तू पाहिलं नाहीस. पायऱ्या उंच. एक काका बगलेत हात घालायचा, दुसरा पाय धरायचा, आणि सोयाबीनचं पोतं ठेवावं तशी तिला आत ठेवायचे. माणसं मायाळूच, बरं का. पण आत गेली की लेक तोंडातून शब्द काढत नसे. ओढणी सारखी करत बसायची. घरी आल्यावर म्हणायची, "आई, उचलून आणलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाई वं."

मग दिव्यांगांसाठीच्या योजनांची माहिती तिनंच काढली, हेलपाटेही तिनंच घातले. आधी बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर मिळाली. मग पंचायतीपुढे रॅम्प मंजूर झाला. सिमेंट ओलं होतं तेव्हा रोज गाडीवर जाऊन पाहून यायची, जसं काही स्वतःचं घरच बांधून राह्यली.

आता गावाची गंमत ऐक. आपल्याकडची मका आता इथेनॉलच्या कारखान्याला जाते आणि तिथून पेट्रोलमध्ये. त्यामुळं जो तो मकेच्या मागं. व्यापारी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकतो आणि ओल निघाली की भाव पाडतो. म्हणून जिथं सिमेंट दिसेल तिथं मका वाळत. देवळाचा ओटा झाला, शाळेचं अंगण झालं, आणि दिवाळीच्या तोंडावर तो कोरा करकरीत रॅम्प! दिवसभर ऊन आणि पाणी सांडलं तरी वाहून जाणारा उतार. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांत वरची पसर तर माझ्या जावेचीच होती.

त्या दिवशी ग्रामसभा होती. लेकीनं कुबड्या गाडीला बांधल्या, मला मागं बसवलं. पहिल्यांदा आपल्या आपण आत जायचं होतं तिला. पंचायतीपुढे आलो तर खालपासून दारापर्यंत पिवळीधमक मका. कुबडी टेकावी तर घसरणार, गाडी घालावी तर दाणे चेंगरणार.

"काई नाई बाई," काका बाह्या सारत आले. "उचलतो तुले पहिल्यासारखं."

"मले नका उचलू काका. मका उचला."

"अवं, सभा सुरू होऊन राह्यली! मका भरता भरता दुपार होईन."

"होऊ द्या. मी थांबते."

चार माणसांत काऊन ताणते ही, असं वाटून मी तिच्या खांद्याकडं हात नेला. तिची मान पाहिली, ताठ. हात मागं घेतला.

जाऊ पदर खोचून आली. "येवढा कायचा तोरा वं? माह्या मकेनं काय केलं तुले?"

"काकू, माह्या गाडीच्या टाकीत तुमचीच मका हाये. तिच्या जोरावर तं इथवर आली. आता तिनंच वाट अडवली तं कसं करू?"

आधी सरपंच हसला, मग सगळेच. जाऊ तोंड लपवून हसली. "हाव, पिऊन घे सारी!" म्हणाली आणि खराटा आणायला पळाली. सरपंचानं स्वतः पोत्याचं तोंड धरलं.

वाट झाली. मी खाली उतरून बाजूला उभी राहिले. तिनं गाडी सुरू केली आणि एका दमात वर, थेट दारापाशी. कोणी हात लावला नाही. आत गेल्यावर बोलायला उभी राहिली. मला वाटलं, आता सगळ्यांना झोडपते. ती म्हणाली, "मकेले जागा नाई म्हणून ती रॅम्पवर येते. गावाले सिमेंटचं खळं करून द्या. काकूची मका वाळंन आणि माही वाट मोकळी राहीन."

पहिला हात वर झाला तो जावेचा. माझा ऊर असा भरून आला की माझा हात वर करायचाच राहिला.

शाळेमागं खळ्याचं काम चालू आहे. रॅम्पवर कोणी सायकल जरी टेकवली तरी जाऊ समोरच्या तिच्या घरातून ओरडते, "काढ बे! आमच्या पोरीची वाट हाये ती."

तेव्हा तू आता सबबी सांगू नकोस. माझ्या दाराशीही भाचीनं तुझ्यासाठी उतार करून घेतला आहे. त्यावर मिरच्या वाळत घालायच्या नाहीत, असं जावेला बजावून ठेवलंय. ती किती दिवस दम धरील सांगता येत नाही. लवकर ये बाई.