झाडाच्या उलट्या बाजूची सावली

माझ्या ताईला ऑफिसात गोगलगाय म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तीही हसते. राग येतो तो मला.

तिचं काम नकाशे काढायचं. विमानातून काढलेले शहराचे फोटो संगणकावर उघडायचे आणि त्यातला रस्ता न् रस्ता, बोळ न् बोळ माउसने गिरवायचा. हे नकाशे अग्निशमन दलाकडे जातात. चाळिशीत ताईची नजर अधू झाली, तेव्हापासून ती पडद्यावरचं सगळं बारापट मोठं करून बघते. इतरांना अख्खी वस्ती दिसते, हिला जेमतेम एक छप्पर. म्हणून ती बोळाच्या तोंडाशी सुरुवात करते आणि रेघ न सोडता शेवटापर्यंत जाते. शेजारी कागदावर जाड पेनने काढलेला ढोबळ आराखडा असतो. आपण कुठवर आलो, तिथे तिचं डावं बोट. मध्येच कुणी चहाला हाक मारली तर अशी खेकसते की विचारू नका.

नवे साहेब आले आणि हे संथ काम त्यांना खुपायला लागलं. तसा माणूस वाईट नव्हता. सरळच म्हणाले, "बाई, दहा नकाशे काढा. तपासणीत तीन चुका चालतील. चौथी निघाली तर टेलिफोनवर बसायचं."

टेलिफोन म्हणजे दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकणं. पगार तोच, पण ताईचा जीव नकाशात. तो महिनाभर तिला घास गोड लागला नाही.

दहाही नकाशे तपासून झाले. चुका निघाल्या तीन! मी आइस्क्रीम घेऊन तिच्या घरी गेलो, तर हिने चमचा बाजूला ठेवला.

"दहाव्या नकाशात एका बोळात काळपट आडवी पट्टी होती," ती म्हणाली. "झाडाची सावली समजून मी रेघ तशीच पुढे नेली."

"मग असेल सावली."

"सकाळचा फोटो आहे. सगळ्या घरांच्या सावल्या डावीकडे पडल्यात आणि ही पट्टी झाडाच्या उजवीकडे. झाड आणि पट्टी मला एका वेळी दिसतच नाहीत रे. आज कागदावर मांडलं तेव्हा कळलं."

तपासणाऱ्याचे दोन्ही डोळे ठणठणीत, त्यालाही ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्कूटर काढायला लावली. त्या बोळाच्या मधोमध पुरुषभर उंचीची आडवी भिंत होती. ताईने तिच्यावर आधी एक तळवा टेकला, मग दुसरा.

"कुणाला पत्ता नाही," मी म्हटलं. "गप्प बस. तुझी खुर्ची वाचली."

"आणि आगीचा बंब इथवर येऊन अडला तर? पलीकडे माणसं राहतात, गाढवा!"

पन्नाशीच्या माणसाला भररस्त्यात गाढव म्हटलं तिने. मला लाज वाटली, पण शिवीची नव्हे.

तिथून आम्ही थेट ऑफिसात गेलो. ताईने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं.

"तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"म्हणूनच बोलले."

"चौथी आहे, बाई. ठरलं होतं आपलं."

"हो, ठरलं होतं. पण नकाशात भिंत मीच घालणार."

कुणी नाही म्हणालं नाही. ती बसली आणि पुन्हा बोळाच्या तोंडापासून निघाली. आम्ही तिघं मागे उभे, मी, साहेब आणि तो तपासणारा. एकेक छप्पर पडद्यावरून सरकत होतं. इतकं हळू, की मला घाई करावीशी वाटली आणि लगेच स्वतःचाच राग आला. पट्टीशी ती थांबली. पट्टीवरून गेलेली रेघ पुसली, तिथे आडवी भिंत घातली.

"तपासा, साहेब."

साहेब वाकले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

ताई उठली, खुर्ची टेबलाखाली सारली. "चला," ती म्हणाली, "टेलिफोन कुठल्या टेबलावर आहे, दाखवा मला."