ब्रेकबाईंची मुकी फेरी

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो आणि त्यावरचा बाईंचा पाय इतका तत्पर, की समोर कुत्र्याने जांभई दिली तरी गाडी थांबायची. त्या बाजूच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. शिकणाऱ्याच्या बाजूचं मात्र नव्यासारखं कोरं. अर्ध्या गावाने त्यांच्याकडूनच गाडीचे धडे घेतले होते. नवऱ्यालाही त्यांनीच शिकवलं. तो शहाणा माणूस. लायसन्स हातात पडल्यावर पुन्हा म्हणून स्टिअरिंगला शिवला नाही. क्लासचे फोन घ्यायचे आणि घरी स्वयंपाक करायचा, यात तो सुखी होता.

शिकायची राहिली होती फक्त पोटची पोरगी. चौकातल्या एकाच वळणावर आईने इतके ब्रेक मारले, की तिने गाडी कडेला घेतली, किल्ली आईच्या हातात ठेवली आणि बसने घरी आली.

“मी समोरच्यांकडे शिकणार,” तिने जाहीर केलं.

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचा दुसरा क्लास. त्यांच्या पाटीवर ‘हसतखेळत शिका’ असं लिहिलं होतं, आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे अशी बाईंची खात्री होती. लेक तिकडे गेली तर गावात नाक कापलं जाणार, हे तर होतंच. पण लेकीच्या पहिल्यावहिल्या प्रवासात शेजारच्या सीटवर दुसरंच कुणी बसणार, हे बाईंना जास्त लागलं. दोन दिवस त्यांनी भांडी आपटली.

तिसऱ्या दिवशी लेकच जवळ आली. गावाबाहेरच्या रेस ट्रॅकवर रविवारी फन रन होती. मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्यावर माणसांनी एक फेरी पळायची. नंबर नाही, बक्षीस नाही, नुसती मजा.

“माझ्याबरोबर पळ. फेरी संपेपर्यंत मला एकही सूचना द्यायची नाही. जमलं, तर तुझ्याकडेच शिकेन. नाही जमलं, तर सोमवारी समोर.”

“पळताना कसल्या सूचना देणार आहे मी?”

“अगं, तू झोपेतसुद्धा मला ‘डावीकडे घ्या’ म्हणतेस,” नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

“तुम्ही कुकरकडे लक्ष द्या हो!”

रविवारी सुरुवातीच्या रेषेवरच्या कमानीत लाल दिवे लागले होते. शर्यतीच्या गाड्यांसाठी असतात तेच. ते विझले आणि सगळे सुटले. रस्ता गुळगुळीत, कडेला लाल-पांढरे पट्टे, जुन्या टायरांची रास आणि तापलेल्या रबराचा वास. वळणावर घसरलेल्या चाकांचे काळे ओरखडे दिसले. काय वेगाने गेला असेल मेला! पण हे मनात. तोंडाला कुलूप होतं. पायाला मात्र नव्हतं. दर वळणाआधी उजवा पाय आपोआप दाबला जाई आणि मागचा माणूस धडके.

“काही म्हणालीस का?” लेक विचारी.

बाई मान हलवत.

एवढ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याची मोटार करून अंगात घातलेला एक ढेरपोट्या गृहस्थ बाजूने आला आणि हात न दाखवता थेट बाईंच्या पुढ्यात घुसला. बाईंचं तोंड उघडलं. लेकीने पाहिलं. बाईंनी त्याच तोंडाने मोठी जांभई दिली.

खरी परीक्षा पुढे होती. लेकीच्या बुटाची नाडी सुटली. सुटलेली नाडी टपटप उडत होती आणि समोर उतार होता. ‘नाडी’ एवढा एकच शब्द! तो जिभेच्या टोकावर येऊन नाचायला लागला. बाईंनी दातांखाली ओठ धरला. पडली तर? गुडघा फुटला तर? सांगितलं तर समोरचे!

लेकीने मागे वळून पाहिलं, हात दाखवला, सावकाश कडेला आली आणि मगच थांबून नाडी बांधली.

“मला दिसते गं, आई.”

बाई बघतच राहिल्या. मागे बघायचं, हात दाखवायचा, कडेला घ्यायचं. किती वेळा ओरडून सांगितलं होतं हे! ऐकत होती की कार्टी!

शेवटच्या सरळ रस्त्यावर लोक हात पसरून पळू लागले. फोटो झकास यावेत म्हणून कमानीतले लाल दिवे पुन्हा लावले होते. रेषा चार पावलांवर आली आणि बाई खाडकन थांबल्या. शेजारी लेकही थांबली. दोघी रेषेच्या अलीकडे, दिव्याकडे बघत, धापा टाकत उभ्या. मागून खोक्याची मोटार येऊन आदळली.

“काय हो, मध्येच थांबता?”

“अंतर ठेवून चालवायला काय होतं तुम्हाला?” तारस्वरात आवाज आला. “सिग्नल दिसत नाही?”

ओरडली होती लेक.

गृहस्थाने दिव्याकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि चेपलेलं बॉनेट सावरत तो निघून गेला. लेकीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून त्या खालीच बसल्या. शेवटी लेकीने आईला हात धरून उठवलं, आणि बाईंनी जन्मात पहिल्यांदा लाल सिग्नल तोडला.

“शब्द पाळलास,” लेक म्हणाली. “पण तुझा पाय बघितला मी.”

म्हणून सोमवारी शेजारच्या सीटवर बाई चपला मागे ठेवून मांडी घालून बसल्या. पेडल गुळगुळीत, रिकामं. समोरच्या क्लासचा मास्तर पाटीखाली उभा राहून बघत होता. गाडी चौकात शिरली, वळू लागली. बाईंनी मांडी मोडली नाही. दोन्ही हातांनी आपलाच गुडघा घट्ट धरला.

“आई, डोळे उघड,” लेक म्हणाली. “वळण झालं.”