बंगल्यावरचा टीव्ही

"ए, तू इथं काय करतो रे?"

धुळ्यात, टीव्हीच्या दुकानात, एसीच्या गारव्यात त्यानं माझ्या बापाला असं विचारलं. माझा बाप सत्तरीचा. विचारणारा चाळिशीचा. बापानं डोक्यावरची टोपी काढली. हात जोडले.

"टीव्ही लेवाले उनूत, भैया."

"टीव्ही?" तो हसला. काउंटरमागच्या दुकानमालकाकडे वळला. "हा आमचा माणूस. आमच्याकडे सालदार होता. याला कशाला विकता? आमचा जुना पडलाय ना बंगल्यावर." मग बापाकडे बघून, "उद्या येऊन घेऊन जा रे."

दुकानमालकही हसला. मी ज्या टीव्हीसमोर उभी होते त्यावर निळ्या पाण्यात मासे पोहत होते. सेल्समननं रिमोट दाबला. मासे गेले. काळ्या काचेत माझं तोंड दिसलं. खोका आणायला गोडाऊनमध्ये पाठवलेल्या माणसाला त्यानं हाक मारली, "राहू दे, कॅन्सल."

राग आला असं लिहिलं तर खोटं होईल. काहीच आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला राहत नाही. तसं सगळं अंग.

भैया म्हणजे आमच्या गावच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. त्याच्या शेतात माझ्या बापानं आयुष्य घातलं. कापूस, गहू, रात्रीचं पाणी, गुरं, सगळं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. बाप आता गुडघ्यांनी बसला. मी धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात आया आहे. पेशंटची अंगं पुसते, चादरी बदलते, भांडी देते. नवरा गेल्यापासून मुलीला घेऊन बापाकडेच राहते. गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागं.

घरातला डबा टीव्ही उन्हाळ्यात जळाला होता. वास आला आणि संपला. बापाला बातम्या लागतात. मोबाईलवर त्याला दिसत नाही. डोळ्याला लावून बघतो आणि चिडतो. जादा ड्यूट्या करून मी थोडे बाजूला टाकले. दवाखान्यातल्या नर्सताईंना विचारलं, किती इंची घेऊ, खोली एवढीच आहे. त्यांनी सांगितलं, बत्तीस पुरे, फार मोठा घेऊ नको, डोळे दुखतात. सुट्टीच्या दिवशी बापाला घेऊन दुकानात गेले. तो काचेच्या दाराबाहेर चपला काढायला लागला. मी म्हटलं, घाल. त्यानं घातल्या, पण आत टाच उचलून चालत होता. सगळ्या टीव्हींना एकेक करून बघितलं. एकापुढं थांबला.

"मोठा शे ना? असा आपलाले परवडता का?"

"परवडतो," मी म्हटलं.

तेवढ्यात भैया आला होता. भिंतीएवढा टीव्ही घ्यायला.

दुसऱ्या दिवशी बाप बंगल्यावर गेला. सकाळी गेलेला दुपारी आला, ट्रॅक्टरवर बसून. आधी मागची खोली झाडून घेतली, म्हणाला. जुन्या गाद्या उन्हात टाकल्या. मग टीव्ही दिला.

टीव्ही मोठा होता. आमच्या भिंतीला झेपत नव्हता, म्हणून पेटीवर ठेवला. रिमोट नव्हता. डाव्या बाजूला वरून खालपर्यंत एक हिरवी रेघ होती. बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातून ती रेघ जायची. बाप म्हणाला, चांगला शे. मुलगी म्हणाली, आई, आपण नवीन आणणार होतो ना? मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

मग हाका सुरू झाल्या.

लग्नाला जातोय, दोन रात्री बंगल्यावर झोपायला ये. बाप गेला. गाय व्यायली, बघून जा. गेला. गुडघ्याला फडकं बांधून गेला. मी सुट्टीला घरी असले की मलाही हाक. वहिनी, म्हणजे भैयाची बायको, म्हणायची, "पडदे तेवढे धुऊन दे गं. तुझ्या हाताला सवय आहे." पैशाचं कोणी काढत नव्हतं. निघताना एकच विचारायचे.

"आमचा टीव्ही कसा चालतो?"

"चांगला चालतो," मी म्हणायची.

गावात कोणी भेटलं तरी तेच. बंगल्यावरचा टीव्ही चालतो का? भैया दिलाचा मोठा माणूस. मी मान हलवायची. दवाखान्यात पेशंट मेला की आम्ही त्याच्या कानानाकात कापूस घालतो. मला वाटायचं, माझ्याही कानात कोणीतरी घातलाय. ऐकू येतं, पण लांबून.

लहान होते तेव्हा गावात टीव्ही फक्त बंगल्यावर होता. रविवारी आम्ही वस्तीतली पोरं तिथं जायचो. आत नाही. ओट्याच्या खाली, अंगणात. दार उघडं ठेवायचे. पण आधी प्रत्येकापुढं भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतायचे. फोडत फोडत बघायचं. दाणा तोंडात टाकलेला दिसला की उठवून द्यायचे. मला एकदा उठवलं होतं. मी दाणा खाल्ला नव्हता, दात पडला होता, ती जागा बोटानं चाचपत होते. थोरल्या वहिनींनी, भैयाच्या आईनं, माझा जबडा दाबून तोंड उघडलं, आत बघितलं. काही नव्हतं. तरी घरी पाठवलं. मी हे कोणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, टीव्ही बघायचा तर शेंगा फोडाव्याच लागतात. सगळीकडे असंच असतं.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले. मुलगी घरात नव्हती. सातवीत आहे ती. वही उघडी होती, पेन तसंच.

"कुठं गेली?"

बाप टीव्हीकडे बघत म्हणाला, "बंगलावर. पाहुणा उनात. वहिनीना निरोप उना, भांडा घासाले पोरले धाड."

"आणि तू पाठवलीस?"

"टीव्ही फुकट दिधा त्यासनी," बाप म्हणाला.

मी पिशवी ठेवली नाही. तशीच निघाले. बंगल्याच्या मागच्या मोरीत माझी मुलगी बसली होती. फ्रॉक गुडघ्यांमध्ये खोचलेला. हात राखेनं कोपरापर्यंत काळे. पुढं कढयांचा ढीग. स्वयंपाकघराच्या दारातून भैयाच्या हॉलमधला नवा टीव्ही दिसत होता. ती मान वाकडी करून तिकडे बघत होती आणि घासत होती.

ती घासत होती आणि बघत होती. तिथं मला जाग आली. दुसरा शब्द नाही. बधिर गाल उतरायला लागतो तेव्हा आधी मुंग्या येतात, मग ठणका. तसा ठणका.

"ऊठ," मी म्हटलं.

वहिनी आली. "अगं, थोडीच राहिलीत. होऊ दे की."

"तुम्ही घासा."

मोठ्यानं नाही बोलले. ती नीट ऐकू न आल्यासारखी बघत राहिली. मी मुलीचे हात त्यांच्या नळाखाली धुतले. साबण लावून, सावकाश. त्यांच्याच पडद्याला पुसले. मी धुतलेला पडदा होता तो.

सकाळची वाट बघितली नाही. वस्तीतल्या एकाची रिक्षा आहे, मागं माल टाकायची. त्याला बोलावलं. टीव्ही गोधडीत गुंडाळला. बाप दारात आडवा उभा राहिला. त्याला मी असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. मालकापुढं कधी नाही, माझ्यापुढं पहिल्यांदा.

"तू हाई काय करी राह्यनी? चाळीस वरीस त्यासनं खादं आपण."

"आपण खाल्लं नाही, बाबा. आपण राबलो. खाल्लं त्यांनी."

तो बाजूला झाला नाही. मी त्याला धरून बाजूला केलं. त्याचा दंड हातात आला, नुसतं हाड. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण केलं.

बंगल्याच्या ओट्यावर मी टीव्ही ठेवला. आम्ही कधी चढलो नव्हतो त्या ओट्यावर, कामाला मागच्या दारानं जायचो. पाहुणे बाहेर आले. भैया आला.

"हे काय नाटक?"

"तुमचा टीव्ही. आम्हाला नको."

"तुला माज आलाय का?"

"हो," मी म्हटलं. "आणि माझ्या बापाला अरेतुरे करायचं नाही. तुमच्या बापाच्या वयाचा आहे तो."

त्यानं एक शिवी दिली. जातीवरून दिली. पाहुण्यांनी ऐकली. रिक्षावाल्यानं ऐकली. मी म्हटलं, "परत बोला. हा साक्षीला आहे." तो परत बोलला नाही. आत गेला. दार लागलं.

त्यानंतर त्यांच्या बांधावरचं गवत आम्हाला बंद झालं. आमच्या दोन शेळ्या होत्या, त्या विकाव्या लागल्या. सामायिक रस्त्यानं गेलं तरी त्यांचा गडी हटकतो. गावातले काही लोक म्हणाले, सांभाळून घ्यायला पाहिजे होतं. वस्तीतलेही म्हणाले. बाप माझ्याशी बोलेना. जेवणाचं ताट मुलीच्या हातून घ्यायचा. पेटीकडे तोंड करून बसायचा. पेटीवर काहीच नव्हतं.

पगार झाल्यावर मी एकटीच धुळ्यात त्याच दुकानात गेले. सेल्समननं ओळखलं.

"ताई, तुम्हाला साहेबांनी दिला होता ना?"

"परत केला. मला बत्तीस इंची दाखवा. मासे नको, बातम्या लावून दाखवा."

त्यानं लावल्या. मी खुर्ची ओढून बसले. तीन कंपन्यांचे बघितले. आवाज वाढवून घेतला, कमी करून घेतला. वॉरंटी वाचून घेतली. दुकानमालक दोनदा बघून गेला. सगळ्यात स्वस्त होता तोच घेतला, पण बघून घेतला.

घरी लावला. मुलीनं टाळ्या वाजवल्या. बापानं दोन दिवस तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बातम्या बघायला लागला. माझ्याशी बोलायला लागला तोही तेव्हाच, पण जे बोलला ते असं.

"मी मरनू तर पहिले बंगलावर खबर दे. भैया येस नही तोवर माले उचलू नका."

अजून म्हणतो. ताप आला की म्हणतो. गुडघे दुखले की म्हणतो. माझा बाप मनानं अजून त्यांच्या गोठ्यात उभा आहे. त्याला तिथून काढणं माझ्या हातात नाही, हे मला कळलंय.

पण मेल्यावरचं माझ्या हातात आहे. मी त्याला हो म्हणून फसवलं नाही. समोर बसून सांगितलं, "बाबा, बंगल्यावर खबर जाणार नाही. त्यांच्यासाठी तुला ताटकळत ठेवणार नाही. तुला आपली माणसं उचलतील, आणि पुढं मी असेन."

त्यानं मान फिरवली. मी शब्द मागं घेतला नाही. घेणारही नाही.